सावलीतल्या वाफ्यात कोणती फुले लावावीत?

बऱ्हाणपुरातील जुन्या वाड्यांना चौक असतो, नव्या वसाहतींतील घरांना मागेपुढे थोडी मोकळी जागा असते. या जागेतला उन्हाचा भाग गुलाब, मोगरा, जास्वंद यांनी लवकरच अडवलेला असतो. उरतो तो सावलीचा भाग. कडुनिंबाखालची चार हात जमीन, विहिरीच्या कठड्यालगतची पट्टी, दोन घरांमधली बोळ, अथवा भिंतीच्या उत्तरेचा वाफा. तेथे दोन-तीन वर्षे काही ना काही लावून पाहण्यात येते, ते जगत नाही, आणि मग घरातील कोणी वडीलधारे निकाल देऊन मोकळे होतात, "येथे काही येतच नाही, फरशी टाकून घ्या." फरशी टाकली जाते. कित्येकदा गोष्ट त्याहूनही पुढे जाते. फुलांसाठी ऊन हवे म्हणून निंबाच्या फांद्या उतरवल्या जातात, आणि एकदा फांद्या उतरल्या की झाड जाण्यास वेळ लागत नाही. ज्या गावी उन्हाळ्यात पारा 44-45 अंशांवर चढतो तेथे चार गुलाबांसाठी निंब गमावणे हा सौदा आम्हांस तरी कळत नाही.

आमचे म्हणणे असे की दोष बहुधा सावलीचा नसतो, निवडीचा असतो. आपण आधी फूल पसंत करतो आणि नंतर त्याला जागा शोधतो. सावलीत हा क्रम उलटा हवा. आधी सावली ओळखावी, मग तिला मानवेल ते झाड आणावे. या लेखात आम्ही जमिनीलगत राहणाऱ्या, पसरून माती झाकणाऱ्या आणि सावलीतही फुलणाऱ्या झाडांचाच विचार करणार आहोत. मोठ्या झुडपांचा उल्लेख ओघात येईल तेवढाच.

प्रथम सावली म्हणजे काय ते पाहू. सूर्य दक्षिणेकडून जातो, सबब भिंतीच्या उत्तरेस बारमाही सावली, असा पुष्कळांचा समज असतो. बऱ्हाणपुरापुरता तो अर्धाच खरा आहे. आपले गाव सुमारे 21.3 उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेकडून जातो. दहा फूट उंचीची भिंत घ्या. डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत ऐन मध्यान्ही तिची सावली उत्तरेकडे जवळजवळ दहा फूट पडते. मार्चच्या 21 तारखेच्या सुमारास ती चार फुटांवर येते, एप्रिलच्या मध्यास दोन फुटांवर, आणि जूनच्या 21 तारखेस ती चक्क दक्षिणेकडे पडते, तीही जेमतेम चार-साडेचार इंच! (आपल्याकडे खरी मध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही, साडेबाराच्या आगेमागे होते, हे सावली मोजणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.)

याचा अर्थ असा की ज्या उत्तरेच्या वाफ्याला आपण सावलीचा म्हणतो तो हिवाळ्यात सावलीचा आणि ऐन वैशाख-ज्येष्ठात उन्हाचा असतो. हिवाळ्यात तेथे आनंदाने वाढलेले कोवळे रोप एप्रिल-मेमध्ये का करपते, याचे उत्तर येथे आहे. "पाणी तर रोज घालत होतो" असे आपण म्हणतो, पण पाण्याचा तेथे प्रश्नच नव्हता. पहिला पाऊस पडून आभाळ झाकेपर्यंतचे ते सहा-आठ आठवडे हीच बऱ्हाणपुरातल्या सावलीच्या वाफ्याची परीक्षा असते. जे झाड त्या काळात जमिनीखाली झोपून राहते, किंवा ज्यावर आपण त्या काळात एखादी ताटी उभी करू शकतो, तेच टिकते. पश्चिमेच्या वाफ्याविषयी तर बोलावयासच नको. तेथे सकाळभर सावली असली तरी दुपारचे तीनचे ऊन भट्टीसारखे असते. याउलट पूर्वेच्या वाफ्यास सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली मिळते. असा वाफा ज्याच्या घरी आहे त्याने स्वतःस भाग्यवान समजावे.

सावली किती दाट आहे हे अजमावण्याची एक सोपी रीत आहे. मध्यान्हीच्या वेळी वाफ्यात पांढरा कागद ठेवावा आणि त्याच्या फूटभर वर हात धरावा. हाताची सावली स्पष्ट, कडा रेखीव असलेली पडली तर ती जागा उन्हाचीच समजावी. कडा पुसट पण हाताचा आकार कळतो, अशी पडली तर मध्यम सावली. आणि कागदावर हाताची सावली उमटतच नसेल तर ती दाट सावली. ही परीक्षा एकदा डिसेंबरात आणि एकदा मेमध्ये करावी, कारण वर सांगितल्याप्रमाणे एकाच जागेचे दोन जबाब येतात. दाट सावलीत फुलांची आशा थोडी ठेवावी, पानांच्या शोभेवर अधिक भर द्यावा. मध्यम सावलीत मात्र वर्षभर आलटून पालटून फूल मिळू शकते.

भिंतीची सावली आणि झाडाची सावली यांतही मोठा भेद आहे. भिंत पाणी पीत नाही, झाड पिते. निंबाखालच्या वाफ्यात नवे रोप लावणे म्हणजे भरल्या पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यास बसविणे होय, वाढपी त्याच्यापर्यंत पोचेतो वाढलेले सगळे शेजाऱ्याने संपवलेले असते. झाडाच्या अन्नपाणी घेणाऱ्या बारीक मुळ्या जमिनीच्या वरच्या फूटभर थरातच पुष्कळ असतात. म्हणून झाडाखाली कुदळीने सरसकट खणू नये. मुळ्यांच्या मधली जागा पाहून खुरप्याने ओंजळीएवढे खळगे करावेत आणि लहान रोपे त्यांत बसवावीत. अंगठ्याहून जाड मूळ लागले तर खळगा थोडा सरकवावा, मूळ तोडू नये. बाहेरची माती आणून घालावयाची तर दोन इंचांहून अधिक जाड थर देऊ नये आणि ती बुंध्याला टेकू देऊ नये, बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी असावी. बुंध्याभोवती मातीचा ढीग करून वर सिमेंटचा ओटा बांधण्याची जी पद्धत पडली आहे ती झाडाचा गळा आवळणारी आहे.

निंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पान गाळतो आणि लवकरच पुन्हा पालवतो. आंबा मात्र बारमाही दाट. चिंचेखाली काही उगवत नाही असे जुने लोक म्हणतात. ते अगदी अक्षरशः खरे नसले तरी तेथे फुलांचा वाफा करण्याच्या खटपटीत कोणी पडू नये असे आम्ही सुचवतो. तेथे कुंड्या ठेवाव्यात.

आता माती आणि पाणी. तापीकाठची आपली काळी माती कपाशीस आणि केळीस उत्तम खरी, पण वाफ्यात ती दोन्ही टोकांनी त्रास देते. पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरून बसते आणि कंद कुजतात. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि त्या भेगांत कोवळ्या मुळ्या तुटतात. यावर उपाय म्हणजे भिंतीलगतचा वाफा सहा इंच उंच करावा आणि त्यात दोन भाग काळी माती, एक भाग कुजलेले शेणखत वा पालापाचोळ्याचे खत आणि एक भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू मिसळावी. निंबाचा पाचोळा जाळण्याऐवजी कोपऱ्यात साठवून ओला ठेवला तर वर्षभरात त्याचे काळेभोर खत होते. आणि आच्छादनासाठी बऱ्हाणपुराइतकी सोय दुसऱ्या गावी क्वचितच असेल. घड काढल्यावर केळीचे खुंट आणि वाळकी पाने आपल्याकडे ढिगांनी पडून असतात. खुंटाचे वीत-वीत तुकडे उभे चिरून रोपांच्या मधोमध पसरले की ओल टिकते, माती तापत नाही, आणि पुढे त्याचेच खत होते.

पाण्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आपल्या विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी जड आहे. तव्यावर, बादलीवर पांढरा थर धरतो तो याचाच पुरावा. जहांगिराच्या काळी, अब्दुल रहीम खानखाना येथे सुभेदार असताना, 1615 च्या सुमारास ज्या कुंडी भंडाऱ्याची योजना झाली, तो पाहिलेल्यांना त्या भुयारांच्या भिंतींवर चढलेले चुन्याचे थर आठवत असतील. सातपुड्याच्या अंगाने झिरपणारे पाणी शंभरच्या वर कुंड्या जोडून उताराने शहरापर्यंत आणणारी ती योजना अजब खरीच, पण त्या पाण्याने खडकातून चुनाही बरोबर आणला. असे पाणी वर्षानुवर्षे घातले की आधीच चुनखडीची असलेली माती अधिक चुनखडीची होते आणि मातीतले लोह झाडास मिळेनासे होते. मग कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अनंताच्या झाडावर हे आपण पुष्कळ वेळा पाहतो. आम्लधर्मी माती मागणारी हायड्रेंजिया, अझेलिया ही थंड डोंगरांवरची झुडपे येथे याच कारणाने, आणि उन्हाच्या तडाख्याने, टिकत नाहीत. त्यांचे चित्र पाहून पैसे घालवू नयेत. पावसाचे पाणी पिंपात साठवून ते आधी अशा नाजूक झाडांना द्यावे. घरात पाणी शुद्ध करण्याचे जे आरओ यंत्र असते त्यातून वाहून जाणारे पाणी फुकट मिळते म्हणून वाफ्यात सोडण्याची प्रथा दिसते. त्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहूनही अधिक साचलेले असतात. ते फरशी धुण्यास वापरावे, झाडांना देऊ नये.

येथे एक गोष्ट ओघानेच येते. कुंडी भंडारा काय आणि आपली घरची विहीर काय, दोन्ही मुरलेल्या पाण्यावर जगतात. फरशीवर पडलेला पाऊस मुरत नाही, गटारात जातो. झाडांनी झाकलेल्या मातीत पडलेला पाऊस मुरतो. चाळीस चौरस फुटांच्या वाफ्याने विहिरीला पूर येत नाही हे आम्हांसही ठाऊक आहे, परंतु गावातील सगळ्या अंगणांची बेरीज चाळीस चौरस फूट नसते.

निवडीकडे वळण्यापूर्वी काही नावे आधीच खोडलेली बरी. सर्वांत मोठी फसगत "विंका" या नावाने होते. बागकामाच्या विलायती पुस्तकांत सावलीत जमीन झाकण्यासाठी विंका सुचवलेला असतो. ते वाचून आपण रोपवाटिकेत जातो आणि विंका मागतो. आपल्याकडे मात्र विंका म्हणून जी पाकिटे व रोपे विकली जातात ती आपली सदाफुली असते. सदाफुली मूळची मादागास्करची, उन्हाची भोक्ती, काटक आणि गुणी. पण सावलीत ती लांबुडकी होते आणि तीन-चार फुलांवर समाधान मानते. पुस्तकातला विंका हे युरोपातले निराळेच झाड, ते आपल्या उन्हाळ्यात जगणार नाही. होस्टा, लिली ऑफ द व्हॅली ही नावेही त्याच पुस्तकांतली. त्यांना वर्षातून काही महिने कडक थंडी लागते, ती आपल्या पौषात कोठून आणणार? "ऑफिस टाइम" अथवा चिनी गुलाब म्हणतात ते जाड पानांचे झाड सावलीत कळ्या धरले तरी उघडत नाही. कर्दळ वाढते, पण फुलण्यास कंटाळते.

दुसरे नाव वेडेलियाचे. पिवळी, छोट्या सूर्यफुलासारखी फुले, चकचकीत पाने आणि दोन महिन्यांत जमीन हिरवी करण्याची हमी, म्हणून रोपवाले ते आग्रहाने देतात. हे उष्ण अमेरिकेतले सरपटणारे झाड प्रत्येक पेरातून मूळ सोडते, आणि जगातील शंभर अत्यंत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. दाट सावलीत ते फुलेही फार देत नाही, नुसते पसरते. छाटलेले तुकडे नाल्याकाठी फेकले तर तेथे रुजतात. ज्यांच्याकडे ते आधीच आहे त्यांनी छाट वाळवून मगच टाकावी. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आणू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

आता लावण्याजोग्या झाडांत पहिला मान आम्ही अबोलीला देतो. ही दक्षिण भारत व श्रीलंका येथली, परकी नव्हे. सकाळचे थोडे ऊन आणि दुपारची सावली हे तिचे आवडते राहणीमान, म्हणून पूर्वेचा वाफा किंवा विरळ झाडाखालची जागा तिच्यासाठीच. उंची दीड-दोन फूट, पाने वर्षभर तजेलदार, आणि थंडीचे काही आठवडे सोडले तर कणसावर फूल असतेच. वास नाही, पण वेणीत तिचा रंग दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. एक-एक फुटावर लावावी. फुलून गेलेले कणीस खुडत जावे म्हणजे नवी कणसे लवकर येतात. दोन-चार कणसे मुद्दाम ठेवली तर बी धरते. त्याच्या वाळक्या बोंडावर पाण्याचा थेंब पडला की ते फुटून बी उडते, मुलांना हा खेळ फार आवडतो. "दिल्ली" म्हणून जी गडद नारिंगी अबोली मिळते ती बी धरत नाही, तिचे छाट कलमच करावे लागते. अबोलीचा वैरी म्हणजे मुळांना लागणारे सूत्रकृमी. झाड कारण नसता पिवळे पडते, खुंटते, आणि उपटून पाहावे तर मुळे काळी, तुटकी. लावतानाच प्रत्येक खळग्यात मूठभर निंबोळी पेंड घालावी, आणि तीन-चार वर्षांनी जागा बदलून त्या जागी एक हंगाम झेंडू लावावा. सावलीत झेंडूस फूल थोडे येईल, पण येथे झेंडू फुलासाठी लावावयाचा नाही.

दुसरा गट झोपाळू कंदांचा. बऱ्हाणपुराच्या हवेचा विचार केला तर आमची खरी भिस्त यांच्यावर आहे. भुईचाफा हा त्यांतला राजा. ऐन चैत्र-वैशाखात, जेव्हा बाकी वाफा मान टाकून असतो, तेव्हा उघड्या जमिनीतून, एकही पान नसता, पांढरी-जांभळी सुगंधी फुले निघतात. मग पावसाबरोबर पाने येतात. त्यांवर वरून नक्षी असते आणि खालून जांभळी झाक. ती आश्विन-कार्तिकापर्यंत वाफा झाकतात आणि पुढे वाळून जातात. हिवाळाभर कंद झोपतो. या झोपेच्या काळात त्याला पाणी देऊ नये, नाही तर कुजतो. येथेच घरोघर घोटाळा होतो. पाने वाळलेली पाहून झाड मेले असे समजून कोणी तरी जागा खणून काढते आणि कंद कचऱ्यात जातात. म्हणून कंदांच्या चारही बाजूंस बांबूच्या लहान खुंट्या रोवून ठेवाव्यात आणि माळीबुवांना ते बजावून सांगावे.

याच वळणाची, पण आफ्रिकेतून आलेली, फुटबॉल लिली. मे-जूनमध्ये लालबुंद, चेंडूएवढे गोल फूल येते, आठ-दहा दिवस राहते, मागून रुंद पाने येतात आणि पावसाळा संपल्यावर काही दिवसांनी ती जातात. झाडाखालची सावली तिला मानवते. तिचा कंद विषारी आहे. लहान मुले व गुरे यांच्यापासून तो जपावा. घरातील हळदीलाही याच पंक्तीत बसविता येते. मागच्या रांगेत तिची लागण केली तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिचे फिकट तुरे दिसतात, आणि माघात कंद काढता येतो. शोभा आणि स्वयंपाक दोन्ही साधतात म्हणून सासूबाईंचीही संमती मिळते.

परंतु सगळेच झोपाळू लावले तर हिवाळ्यात वाफा उघडा पडतो. म्हणून तिसरा गट हवा, बारमाही पानांचा. निंबाखालच्या कोरड्या सावलीत स्पायडर प्लांट म्हणून जी हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची गवतासारखी वनस्पती मिळते ती उत्तम. तिची मुळे जाड असून पाणी साठवतात, त्यामुळे एखादा आठवडा चुकला तरी ती रागावत नाही. लांब दांड्यांवर चांदण्यांसारखी बारीक पांढरी फुले आणि पुढे त्याच दांड्यांवर पिल्ले येतात. एका झाडापासून वर्षात वीस करणे अवघड नाही. सातपुड्यातली सफेद मुसळी हिचीच सख्खी बहीण. पावसाच्या आरंभी रानात सावलीत तिची पांढरी फुले दिसतात. औषधासाठी ती इतकी उपटली गेली आहे की आता रानातून आणू नये, लागवडीची मिळाली तरच घ्यावी. भिंतीलगतच्या थोड्या ओलसर सावलीत हेमिग्राफिस लावावा. पान जांभळट, धातूसारखे चमकणारे, फूल लहान व पांढरे. तो जमिनीला घट्ट चिकटून पसरतो आणि पावसाळ्यात कोठेही खोचला तरी लागतो. नळाखाली, मोरीच्या बाहेर जेथे सदैव ओल असते तेथे दुसरे काही न लावता ब्राह्मी सोडावी. तिची जाड, इवली पाने आणि फिकट जांभळी फुले त्या कोपऱ्याचे रूप पालटतात. मात्र साबणाचे पाणी सरळ तिच्यावर येऊ देऊ नये.

मागच्या बाजूस उंची हवी असल्यास कोरांटी. पिवळी काटेरी असते, पांढरी व जांभळी निराळ्या जातीच्या. कोरड्या सावलीत, फारसे न मागता, दिवाळीच्या पुढे थंडीत ती फुलते, म्हणजे ज्या वेळी अबोली मंदावते त्या वेळी. फुले संपली की फेब्रुवारीत गुडघ्याइतकी छाटावी. गुलबक्षी चालेल, पण ती स्वतःचे बी इतके टाकते की पुढे तिलाच आवरावे लागते.

पावसाळी पाहुण्यांत तेरडा. "तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण त्याच्यावर थोडा अन्यायच करते, कारण नीट लावला तर तो श्रावणापासून आश्विनापर्यंत फुलतो. पुष्कळ घराण्यांत भाद्रपदात तेरड्याची रोपेच गौर म्हणून आणतात. ती बाजारात शोधत हिंडण्याऐवजी जूनमध्ये पहिल्या पावसानंतर मध्यम सावलीत बी फेकून ठेवावे. दाट सावलीत मात्र तो नुसता देठाने वाढतो. आणि केना? त्याला लावावयास नको, तो आपण होऊन येतो. निळ्या फुलांचा हा रानपाहुणा सावलीत वाफा झाकतो, त्याच्या पानांची भजी होतात. माळीबुवा त्याला तण म्हणून उपटतील. रोपे लहान असताना उपटू द्यावे, वाफा भरल्यावर कडेला थोडा राहू द्यावा.

किती रोपे लागतील याचा हिशेब आधी करावा. दहा फूट लांब व चार फूट रुंद वाफ्यात एक-एक फुटावर चाळीस रोपे बसतात, आणि आठ-आठ इंचांवर लावावयाची तर नव्वद लागतात. सगळी विकत आणण्याची गरज नाही. पंधरा-वीस रोपे आणून पहिल्या वर्षी अर्धा वाफा लावावा, अर्ध्यावर केळीच्या पानांचे आच्छादन घालावे, आणि दुसऱ्या पावसाळ्यात घरच्याच रोपांनी तो भरावा. यात आणखी एक लाभ असा की पहिल्या उन्हाळ्यात काय टिकले हे कळते, आणि न टिकणाऱ्यावर पुन्हा खर्च होत नाही. लावणीचा उत्तम काळ म्हणजे मृगाचा पाऊस स्थिर झाल्यावरचे पहिले तीन-चार आठवडे. हिवाळ्यात लावलेले रोप मार्चपर्यंत खुशाल दिसते, पण त्याची मुळे खोल गेलेली नसतात. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी एकदा, पण वीतभर माती भिजेल इतके द्यावे. मे महिन्यात हे अंतर दोन दिवसांवर आणावे आणि उत्तरेच्या वाफ्यावर तुराट्यांची किंवा केळीच्या पानांची ताटी बांधावी. झोपाळू कंद व बारमाही झाडे एकाच आळ्यात मिसळू नयेत, कारण हिवाळ्यात एकास पाणी हवे असते आणि दुसऱ्यास नको असते.

एक शंका हमखास विचारली जाते, "जमीन झाकली की विंचू-साप येतील ना?" शंका अगदीच गैर नाही. दाराजवळ व वाटेच्या कडेस वीतभराहून उंच काही लावू नये, भिंत आणि वाफा यांत हातभर जागा मोकळी ठेवावी, आणि केळीच्या खुंटांचे ढीग भिंतीशी रचू नयेत, पसरून टाकावेत. ही मोकळी पट्टी दुसऱ्याही कामास येते. वाफ्याचे पाणी भिंतीत चढून ओल धरत नाही. खुरपताना हातमोजे घालावेत आणि पाचोळा आधी काठीने हलवावा.

वर सांगितलेल्या झाडांपैकी बहुतेक आपल्याच गावात कोणाच्या ना कोणाच्या अंगणात आहेत. अबोली, हेमिग्राफिस आणि ब्राह्मीचे फाटे पावसाळ्यात मागावेत, स्पायडर प्लांटची पिल्ले केव्हाही. भुईचाफ्याचे कंद मात्र माघ-फाल्गुनातच मागून आणावेत, कारण तेव्हा ते झोपेत असतात आणि वेगळे करता येतात. पाने आल्यावर मागितले तर देणाऱ्याचे मन होत नाही, आणि त्या वेळी उपटलेला कंद पुढच्या चैत्रात फूल देतोच असे नाही.